बिननंबरी बंदूक आणि बिनसहीचा नकार

पाणंद (एडिसन, न्यू जर्सी)

४ डिसेंबर २०२५ ला त्या घटनेला वर्ष झालं. २०२४ साली त्या दिवशी सकाळी पावणेसातच्या सुमारास मॅनहॅटनमधल्या हिल्टन हॉटेलबाहेर युनायटेडहेल्थकेअर या आरोग्य विमा कंपनीचे मुख्याधिकारी ब्रायन थॉम्पसन यांना पाठीमागून गोळ्या घातल्या. वय ५०, मागे दोन मुलं. गुंतवणूकदारांच्या वार्षिक परिषदेसाठी ते चालत निघाले होते. पाच दिवसांनी पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूना शहरात मॅकडॉनल्ड्समध्ये लुइजी मँजियोनी हा २६ वर्षांचा तरुण पकडला गेला. त्याने गुन्हा नाकबूल केलाय. न्यू यॉर्क राज्याच्या खटल्यातली दहशतवादाची कलमं न्यायाधीशांनी सप्टेंबर २०२५ मध्ये काढून टाकली, खुनाचं कलम कायम आहे. केंद्र सरकारचा खटला वेगळा, त्यात २०२५ मध्ये फाशीची मागणी झाली होती. आणि डिसेंबर २०२५ मध्ये राज्याच्या कोर्टात त्याच्या पाठपिशवीची झडती कायदेशीर होती का यावर सुनावणी झाली. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे बंदूक त्या पिशवीतच सापडली.

खटला कोर्ट बघेल, तो दोषी की निर्दोष हे इथे ठरवायचं नाहीये. धागा काढायचं कारण वेगळं. माझ्या ओळखीतल्या मराठी मंडळींत वर्षभर दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, घरी बनवलेल्या बंदुकांचा बंदोबस्त करा, बाकीच्या गप्पा नंतर. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, बंदुकीचं काय घेऊन बसलात, विम्याच्या नकारांनी माणसं मरतात ते बोला. दोघंही एकमेकांचं ऐकून घेत नाहीत.

माझं मत आधीच सांगतो. हा खून होता, त्याला दुसरं नाव नाही. आणि लोकांचा राग खरा आहे. केएफएफ या संस्थेने २०२३ च्या आकड्यांवरून काढलेला हिशोब पाहा. सरकारी संकेतस्थळावर घेतलेल्या विमा योजनांमध्ये नेटवर्कमधल्या डॉक्टरांचेच १९ टक्के क्लेम नाकारले गेले. त्यावर अपील करणारे एक टक्कासुद्धा नाहीत. ज्यांनी केलं, त्यातल्या ५६ टक्क्यांत कंपनीने आपलाच निर्णय कायम ठेवला. म्हणजे नेटाने भांडलेल्या १०० पैकी ४४ नकार मुळात टिकणारे नव्हते. बाकीच्या ९९ टक्क्यांहून जास्त नकारांवर अपीलच झालं नाही.

बंदुकीबद्दल: पोलिसांच्या सांगण्यानुसार ते थ्रीडी प्रिंटरवर बनवलेलं नऊ एमएमचं पिस्तूल होतं, सायलेन्सरही छापलेला. त्यावर कुठलाही क्रमांक नव्हता.

या दोन्ही गोष्टींवर काय करता येईल, यावर लिहा. सविस्तर लिहिलंत तर बरं.

---

ठिणगी

मी स्पष्ट लिहिते, राग आला तरी चालेल.

माझे सासरे इथे आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झाले. खासगी कंपनीकडून चालणारी मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) योजना होती. त्या खुनाच्या आधीच्या हिवाळ्यात पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. हॉस्पिटलमधून पुनर्वसन केंद्रात हलवलं. तिथली मुलगी रोज त्यांना दोन आडव्या दांड्यांच्या मधे उभं करायची, पाय थरथरायचे, तरी ते आकडे मोजायचे. मराठीत. पलंगावरून खुर्चीत बसवायला अजून दोन माणसं लागत होती. तेवढ्यात शुक्रवारी दुपारी एक कागद हातात दिला: परवापासून खर्च मिळणार नाही, रुग्णाची प्रगती पुरेशी झाली आहे.

कागदावर खाली सही कुणाची? कुणाचीच नाही. "सदस्य सेवा विभाग". फोन केला तर उचलणारी बाई म्हणाली, निर्णय क्लिनिकल टीमचा आहे, त्यांच्याशी बोलता येत नाही. मी विचारलं, त्यांना कुणी पाहिलं तरी का? उत्तर आलं, फाइल पाहिली.

घरी आणलं. पुढचं लिहीत नाही.

म्हणून कुणी या खुनावर "अरेरे" करायला लागलं की माझ्या तोंडून ते शब्द निघत नाहीत. थॉम्पसन यांच्या मुलांसाठी वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण माझ्या सासऱ्यांसाठी कुणी टीव्हीवर बोललं नाही.

---

लोनस्टार_मराठी (ऑस्टिन)

ठिणगी, तुमच्या घरचं वाचून फार वाईट वाटलं.

मी बंदुकीच्या बाजूवर लिहितो. मी इथे नेमबाजी करतो, माझ्याकडच्या सगळ्या बंदुका दुकानातून पार्श्वभूमी तपासून घेतलेल्या आहेत. घरी बंदूक बनवत नाही, बनवायची इच्छाही नाही. तरीही बंदीच्या मागणीला माझा विरोध आहे.

पहिली गोष्ट, १९६८ च्या केंद्रीय कायद्याने क्रमांक कोरायचं बंधन घातलं ते परवानाधारक उत्पादकांवर. स्वतःच्या वापरासाठी बंदूक बनवणाऱ्या माणसाला त्या कायद्याने कधीच अडवलेलं नाही. या देशात लोहार, शेतकरी बंदुका बनवत आलेत.

दुसरी गोष्ट, न्यू यॉर्कमध्ये २०२१ सालीच अशा बंदुकांविरुद्ध कायदा झाला. खून न्यू यॉर्कमध्येच झाला. ज्याने खून करायचं ठरवलंय तो क्रमांक नसल्याच्या गुन्ह्याला घाबरेल का?

तिसरी गोष्ट, फाइली. २०१३ साली टेक्सासच्या कोडी विल्सनने 'लिबरेटर' नावाच्या छापील पिस्तुलाचा आराखडा इंटरनेटवर टाकला. परराष्ट्र खात्याने तो काढायला लावला. तोवर दोन दिवसांत लाखाच्या वर लोकांनी उतरवून घेतला होता. तेव्हा परत घेता आला नाही, आता कुठून येणार? मग सरकार प्रिंटरवर नजर ठेवणार, मी घरी काय छापतो ते कंपनी तपासणार. हे मला मान्य नाही.

---

संपादक मंडळ

चर्चा चांगली चालली आहे. एकच विनंती: आराखडे, फाइली, सुटे भाग कुठे मिळतात याचे दुवे किंवा वर्णन देऊ नये. असा एक प्रतिसाद काढला आहे.

---

मोगरा

लोनस्टार, तुमचा दुसरा मुद्दा नेहमी ऐकू येतो. कायदा मोडला जातो म्हणून कायदा नको, हा हिशोब खुनाच्या कायद्यालाही लागू होईल.

क्रमांकाचा मुख्य उपयोग गुन्ह्यानंतर होतो. रस्त्यावर बंदूक सापडली की पोलीस क्रमांकावरून कारखाना, दुकान, पहिला ग्राहक असे मागे मागे जातात. कुठलं दुकान सारखं सारखं गुन्हेगारांच्या हाती माल देतंय, तेही त्यातूनच कळतं. क्रमांक नसला की ही सगळी वाट पहिल्याच पावलाला बंद. २०१७ साली देशभरच्या पोलिसांनी अशा साधारण १,६०० बिननंबरी बंदुका तपासासाठी केंद्राकडे पाठवल्या होत्या. २०२१ साली १९,००० च्या वर. चार वर्षांत बारापट वाढ, ती काही छंदी कारागिरांमुळे झालेली नाही. किट विकणाऱ्या कंपन्यांमुळे झाली.

किट म्हणजे काय ते सांगते, कारण अनेकांना वाटतं की हे लोक वर्कशॉपमध्ये महिनोन्‌महिने खपतात. डब्यात जवळजवळ पूर्ण झालेली बंदूक यायची. चौकट (फ्रेम, म्हणजे बंदुकीचा मूळ सांगाडा) थोडीशी अपुरी ठेवलेली, म्हणून कायद्याने ती "बंदूक" नाही, म्हणून क्रमांक नाही, म्हणून ओळखपत्रही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात उल्लेख आहे की एकाने असं किट आधी कधी न हाताळता, साध्या अवजारांनी आणि यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून २१ मिनिटांत बंदूक तयार केली. बायडन सरकारने २०२२ मध्ये नियम केला की असं किट बंदूकच समजायचं: क्रमांक हवा, विक्रेत्याला परवाना हवा, ग्राहकाची तपासणी हवी. त्याविरुद्धचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २६ मार्च २०२५ ला ७ विरुद्ध २ अशा मतांनी नियम टिकला. निकाल न्या. गोर्सच यांनी लिहिला, म्हणजे बंदूकविरोधी गोटातल्या कुणी नव्हे. थॉमस आणि अलिटो विरोधात गेले. या धंद्यातली नावाजलेली पॉलिमर८० ही कंपनी २०२४ मध्येच बंद पडली होती.

---

लोनस्टार_मराठी

मोगरा, किटच्या बाबतीत तुमचं म्हणणं मी मान्य करतो. डब्यात घालून विकणारा धंदेवाईक विक्रेता आणि स्वतः खपणारा माणूस यात फरक आहे, कायद्याने तो धरला तर माझी हरकत नाही. पण थॉम्पसन प्रकरणातलं पिस्तूल किटचं नव्हतं, छापलेलं होतं. तो नियम तिथे काय करणार होता?

---

मोगरा

तिथे काहीच करणार नव्हता, बरोबर आहे. छापलेल्या बंदुकीत चौकट प्लॅस्टिकची आणि बाकीचे लोखंडी भाग बाजारातले असतात. ते भाग विकत घेताना कुणी काही विचारत नाही, कारण केंद्रीय कायदा चौकटीला बंदूक धरतो, नळीसारख्या भागांना नाही. माझ्या मते नळीसारख्या मुख्य भागांनाही तपासणी लावावी. प्रिंटरवर पाळत ठेवण्यापेक्षा ते सोपं आहे आणि कुणाच्या घरात डोकवावं लागत नाही.

---

तोक्योकर

जपानचं उदाहरण इथे फार लागू पडतं, म्हणून थोडं लांब लिहितो.

८ जुलै २०२२. नारा शहरातल्या रेल्वे स्थानकासमोर निवडणुकीचं भाषण करताना माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणाऱ्या तेत्सुया यामागामीने बंदूक घरीच बनवली होती. बंदुकांवर जपानइतकी कडक बंदी फार थोड्या देशांत आहे. तरी बनली.

त्याचा राग कशावर होता? युनिफिकेशन चर्चवर. त्याच्या आईने या पंथाला जवळजवळ दहा कोटी येन दान केले आणि घर धुळीला मिळालं. आबे त्या पंथाच्या कार्यक्रमासाठी बोलले होते, एवढ्यावरून त्याने त्यांना लक्ष्य केलं. खटला ऑक्टोबर २०२५ मध्ये उभा राहिला, पहिल्याच दिवशी त्याने खून कबूल केला.

आमच्या ऑफिसातले लोक सहसा अशा विषयावर तोंड उघडत नाहीत. पण त्या वर्षी जेवणाच्या सुट्टीत हलक्या आवाजात बोलणं व्हायचं: खून भयंकर, पण त्या पंथाबद्दल तो सांगतोय ते खोटं नाही. त्याच्यासाठी तुरुंगात खाऊ, कपडे, पैसे पाठवणारे लोक निघाले.

सरकारने दोन्ही टोकांना हात घातला. २०२२ च्या डिसेंबरात फसवून, दडपण आणून घेतलेल्या देणग्यांविरुद्ध कायदा झाला. २०२५ च्या मार्चमध्ये तोक्योच्या जिल्हा न्यायालयाने त्या पंथाची धार्मिक संस्था म्हणून असलेली मान्यता रद्द करून विसर्जनाचा आदेश दिला. आणि २०२४ मध्ये शस्त्रकायदा बदलून, बंदूक बनवायची माहिती इंटरनेटवर टाकून लोकांना चिथावणं हाही गुन्हा ठरवला.

मला यातली एक गोष्ट खुपते. पंथाचे बळी वर्षानुवर्षं वकिलांकडे, पत्रकारांकडे खेटे घालत होते. कायदा झाला तो माजी पंतप्रधानांचा खून झाल्यावर. याने पुढच्या माणसाला काय शिकवलं?

---

ठिणगी

तोक्योकर, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेत एका दिवसात मिळालं होतं. अँथम ब्लू क्रॉस या विमा कंपनीने काही राज्यांत भुलीच्या वेळेवर मर्यादा घालायचं धोरण जाहीर केलं होतं, म्हणजे ऑपरेशन लांबलं तर भूलतज्ज्ञाचे जास्तीचे पैसे नाहीत. भूलतज्ज्ञांची संघटना कितीतरी दिवस ओरडत होती. खून झाला ४ तारखेला, धोरण मागे घेतलं ५ तारखेला.

---

पाणंद

ठिणगी, त्या धोरणाविरुद्ध त्याच सुमारास राज्यांतल्या अधिकाऱ्यांनीही आवाज उठवला होता, त्यामुळे ते खुनामुळेच मागे गेलं असं ठामपणे म्हणता येणार नाही. पण लोकांच्या मनात ती दोन तारखांची जोडी पक्की बसली, हे खरं. आणि मला भीती वाटते ती त्याचीच. एमर्सन कॉलेजच्या जनमत चाचणीत १८ ते २९ वयोगटातल्या ४१ टक्के मतदारांनी हा खून स्वीकारार्ह वाटतो असं सांगितलं. सगळ्या वयांचे मिळून ६८ टक्के लोकांना तो मान्य नव्हता, तो मोठा दिलासा. पण ४१ टक्के तरुण! यांच्यातले बरेचजण माझ्या मुलीच्या वयाचे. घरात यावर बोलताना मी तिला एकच विचारलं, उद्या दुसऱ्या कुणाला वाटलं की अमक्या डॉक्टरने माझ्या आईला मारलं, अमक्या न्यायाधीशाने अन्याय केला, तर तू कुठल्या तोंडाने त्याला थांबवशील?

---

मधुरा_ओहायो

मी डॉक्टर आहे, मेंदू आणि मज्जासंस्थेची. पूर्वमंजुरी, म्हणजे प्रायर ऑथरायझेशन, कसं चालतं ते आतून सांगते.

एक रुग्ण, पन्नाशीचा, कंबरदुखी. तपासताना लक्षात आलं की डावं पाऊल वर उचलता येत नाही, चालताना बोटं जमिनीला घासतायत. नस दाबली गेल्याची ही धोक्याची खूण, एमआरआय लगेच हवा. मंजुरी मागितली, नकार आला: आधी सहा आठवडे फिजिओथेरपी करावी. साध्या कंबरदुखीला हा नियम ठीकच आहे, उगाच एमआरआय काढू नयेत हे मीही रुग्णांना सांगते. पण पाऊल लुळं पडलेल्या माणसाला तो लावायचा नसतो, हे त्यांच्याच नियमावलीत लिहिलेलं असतं.

मग "पीअर टू पीअर" म्हणून कंपनीच्या डॉक्टरशी फोन. वेळ ते देतील ती. बाहेर रुग्ण ताटकळलेले, मी कानाला फोन लावून संगीत ऐकतेय. शेवटी एक सभ्य गृहस्थ आले, त्यांची विशेषज्ञता दुसरीच. मी वाक्य पूर्ण करायच्या आत म्हणाले, "पाऊल उचलता येत नाही हे तुमच्या नोंदीत आहे का?" होतं. पहिल्याच परिच्छेदात. "मग मंजूर करतो."

म्हणजे नोंद कुणी वाचलीच नव्हती. आणि हा रुग्ण नशीबवान, कारण फोनवर बसायला मला वेळ मिळाला.

आता दुसरी बाजूही लिहिते, कारण आमच्या व्यवसायात ती सोयीस्करपणे विसरतात. या देशाचा आरोग्यावरचा खर्च २०२३ मध्ये ४.९ लाख कोटी डॉलर होता, देशाच्या एकूण उत्पादनाच्या (जीडीपीच्या) १७.६ टक्के. त्यातला मोठा वाटा हॉस्पिटलांच्या आणि डॉक्टरांच्या दरांचा आहे. एकाच शहरात एकाच एमआरआयचा दर दोन ठिकाणी कितीतरी पटींनी वेगळा असतो. ओबामांच्या कायद्याने विमा कंपन्यांना हप्त्यांतले किमान ८० ते ८५ टक्के उपचारांवर खर्च करायला भाग पाडलंय. म्हणजे विमा कंपनी उद्या नाहीशी झाली तरी बिलाचा मोठा भाग तसाच राहील. विमा कंपनी रागाचा धनी होते कारण नकाराचं पत्र तिच्याकडून येतं. दर ठरवणारा हॉस्पिटलचा अधिकारी कुणाला दिसत नाही.

---

खानदेशी_वारं

मी चोपड्याचा. अमेरिकेबद्दल बोलायचा अधिकार नाही, पण घरगुती बंदुकांबद्दल आहे.

आमच्या तालुक्याच्या सीमेला लागून मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यात उमर्टी आहे. महाराष्ट्रात पकडल्या जाणाऱ्या गावठी कट्ट्यांच्या बातमीत हे गाव हमखास येतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याचे पोलीस तिथवर गेले आणि भट्ट्या मोडून आले, कारण पुण्यातल्या टोळ्यांना माल तिथून जात होता. आपल्याकडे कायदा अमेरिकेपेक्षा शंभर पटींनी कडक. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याशिवाय बंदूक बनवता येतच नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं ते जन्मठेप.

बनवणारे बहुतेक शिकलगर. पिढीजात हत्यारं घडवणारे, धार लावणारे लोक. राजे गेले, सैन्याची कामं गेली, हातातली कला राहिली. भट्टी मोडली की नवी मांडायला फार दिवस लागत नाहीत. ज्याला त्या कसबावर दुसरं पोट भरता येईल असं काम मिळालं, तो सुटला. पुण्याचा विकत घेणारा आणि मधला दलाल मोकळा फिरतो, भट्टीवाला आत जातो.

म्हणून कायदा हवाच, पण बनवणाऱ्याबरोबर विकत घेणाऱ्या साखळीमागेही लागायला हवं.

---

रेशीमकाडी (शिकागो)

मी एका कंपनीत कर्मचाऱ्यांच्या विम्याचं काम बघते. या चर्चेत एक गोष्ट कुणीच आणली नाही आणि माझ्या मते सगळ्या रागाचं मूळ तिथे आहे. कोर्टाचं दार.

अमेरिकेत नोकरीतून विमा मिळणाऱ्यांपैकी २०२४ मध्ये ६३ टक्के लोक अशा योजनांत होते, जिथे पैसे मुळात मालक कंपनीचे असतात. कार्डावर विमा कंपनीचं नाव असलं तरी ती फक्त कारभार बघते. याला सेल्फ-फंडेड म्हणतात. इथल्या आपल्या बहुतेक आयटीवाल्यांचा विमा असाच आहे, आणि त्यांना ते माहीत नसतं.

खासगी नोकऱ्यांतल्या या योजनांना १९७४ चा एरिसा नावाचा केंद्रीय कायदा लागतो. तो केला होता मुख्यतः लोकांची पेन्शन बुडू नये म्हणून. पण त्याचा परिणाम असा की राज्यांचे विमा कायदे सेल्फ-फंडेड योजनांना लागत नाहीत, आणि चुकीच्या नकारामुळे माणूस मेला, पांगळा झाला, तरी नुकसानभरपाई मागता येत नाही. खटला जिंकलात तर काय मिळतं? मुख्यतः जे नाकारलं होतं तेच. पुष्कळदा तोवर त्याचा काही उपयोग उरलेला नसतो.

२००४ मध्ये टेक्सासचे दोन रुग्ण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एकीला गर्भाशयाच्या ऑपरेशननंतर कंपनीच्या नर्सने एकाच दिवसात घरी जाण्याइतपत बरी ठरवलं, ती गुंतागुंत होऊन परत भरती झाली. दुसऱ्याला डॉक्टरांनी लिहिलेलं औषध न देता आधी स्वस्तातलं घ्यायला लावलं, त्याला पोटात जोरदार रक्तस्राव झाला. टेक्सासने १९९७ मध्ये अशा वेळी दावा लावायची मुभा देणारा कायदा केला होता. न्यायालयाने एकमताने सांगितलं, एरिसापुढे राज्याचा कायदा चालत नाही. न्या. गिन्सबर्ग यांनी निकालाला संमती देताना वेगळं लिहिलं की काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, हा अन्यायाचा गुंता सोडवावा. वीसहून जास्त वर्षं झाली. सुटलेला नाही.

खुनाला यातून समर्थन मिळत नाही. पण "कायद्याचा मार्ग घ्यायचा होता" असं जो म्हणतो, त्याने तो मार्ग नीट बघून यावं.

---

पाणंद

रेशीमकाडी, हा प्रतिसाद वाचून माझ्या डोक्यातला गुंता बराच सुटला. आता माझं म्हणणं नीट मांडतो.

मोगरा यांनी क्रमांकाचं महत्त्व सांगितलं: बंदुकीमागचा हात सापडायला हवा. ठिणगींच्या सासऱ्यांच्या कागदावर सही नव्हती. मधुराताईंच्या रुग्णाला नकार देणाऱ्याने नोंद वाचली नव्हती, आणि त्याचं नाव कुणाला कळणार नव्हतं. मला हे एकाच प्रकारचं बेजबाबदारपण वाटतं. माणसाच्या जिवाशी संबंध असलेली कुठलीही गोष्ट जिच्यामागचा माणूस सापडत नाही अशा स्वरूपात बाजारात असूच नये, मग ती बंदूक असो की उपचाराचा नकार.

हे हवेत बोलत नाही. सेनेटच्या चौकशी उपसमितीने ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे खुनाच्या आधी, अहवाल दिला. युनायटेडहेल्थकेअरच्या मेडिकेअर अॅडव्हांटेज (खासगी कंपनीकडून चालणारी मेडिकेअर) योजनांत हॉस्पिटलनंतरच्या पुनर्वसनाच्या नकारांचं प्रमाण २०२० मध्ये १०.९ टक्के होतं, ते २०२२ मध्ये २२.७ टक्क्यांवर गेलं. दोन वर्षांत दुप्पट. रुग्णाला केंद्रात किती दिवस लागतील याचा अंदाज संगणकाचं एक मॉडेल करतं आणि माणसं त्यावर शिक्के मारतात, असा आरोप करणारा सामूहिक दावा त्या कंपनीविरुद्ध २०२३ मध्ये मिनेसोटात दाखल झालाय. कंपनीला आरोप मान्य नाहीत, दावा चालू आहे. पण हा अहवाल पहिल्या पानावर किती जणांनी वाचला? सगळ्या देशाचं लक्ष गेलं ते हिल्टनच्या दारातल्या व्हिडिओकडे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक नकारावर त्याच विषयातल्या डॉक्टरचं नाव आणि परवाना क्रमांक हवा. नकार चुकीचा ठरला तर त्याची नोंद त्या नावावर राहावी. आणि एरिसातली ती भिंत काँग्रेसने पाडावी. बंदुकीच्या बाजूने, किटचा नियम टिकला ते उत्तम, मुख्य लोखंडी भागांनाही तपासणी लागावी.

लोनस्टार, प्रिंटरवर पाळत नको हे तुमचं म्हणणं मला पटतं.

---

ठिणगी

पाणंद, मला हे मान्य आहे. एक सांगते. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर शपिरो अटकेच्या दिवशी म्हणाले की हा माणूस हीरो नाही. मी तेव्हा चिडून टीव्ही बंद केला होता. सासरे आतल्या खोलीतून म्हणाले, तो बरोबर बोलतोय, लाव परत. त्यांना माझ्यापेक्षा जास्त चिडायचा हक्क होता.

---

लोनस्टार_मराठी

डॉक्टरच्या नावाची कल्पना मला आवडली. माझ्या बंदुकांवर क्रमांक आहेत, मला त्याचा काही त्रास होत नाही. तरी लोखंडी भागांच्या तपासणीला मी अजून नाहीच म्हणेन, दुरुस्तीसाठी नळी बदलणाऱ्याला का त्रास? यावर मोगरा यांच्याशी वाद चालू ठेवीन.

---

सायली_के

नवीन सदस्य आहे, वाचनमात्र होते. मला सल्ला हवाय. आम्ही न्यू जर्सीत, नवऱ्याच्या नोकरीतून विमा. मुलगा चार वर्षांचा, बोलायला उशीर. स्पीच थेरपी चालू होती, मागच्या आठवड्यात पत्र आलं की "वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही". थेरपिस्ट म्हणते तो आत्ता कुठे दोन शब्द जोडायला लागलाय. काय करू?

---

रेशीमकाडी

सायली, घाबरू नकोस. क्रमाने सांगते.

पत्रावरची तारीख बघ. कंपनीकडे अपील करायला १८० दिवस असतात, पण तेवढी वाट बघू नकोस. नवऱ्याला एचआरमध्ये विचारू दे की योजना सेल्फ-फंडेड आहे का. असेल तर मालकाचा शब्द चालतो, एचआरने फोन केला की पुष्कळदा फाइल परत उघडते.

मग कंपनीला लेखी पत्र: कुठल्या निकषावर नाकारलं तो कागद द्या, आमची पूर्ण फाइल द्या, आणि या निर्णयात ज्या वैद्यकीय तज्ज्ञाचा सल्ला घेतला त्याचं नाव द्या. हे मागायचा हक्क एरिसाच्या नियमांतच आहे, फुकट द्यावं लागतं. (पाणंद, तुम्ही म्हणता ती सही कायद्यात अर्धवट आहे. मागणाऱ्यालाच मिळते आणि मागत कुणी नाही.)

थेरपिस्टकडून आधीची आणि आत्ताची चाचणी, आकड्यांसकट घे. बालरोगतज्ज्ञाचं पत्र घे. कंपनीने अपीलही फेटाळलं तर "वैद्यकीय आवश्यकता" हा मुद्दा असल्यामुळे बाहेरच्या स्वतंत्र समीक्षेला जाता येतं. त्यासाठी शेवटच्या नकारापासून चार महिने मिळतात, तो निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो.

---

मधुरा_ओहायो

आणि थेरपी थांबवू नका, जमेल तेवढी चालू ठेवा. बालरोगतज्ज्ञांना पीअर टू पीअर मागायला सांगा. पत्रात कसं लिहायचं याचा मसुदा हवा असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा.

---

सायली_के

तुम्हा दोघींचे खूप आभार. पत्र समोर घेऊन बसलेय, खाली सही नाहीये. नवरा सकाळी एचआरला फोन करतोय. मधुराताई, निरोप पाठवलाय. न्यू जर्सीत बाहेरची समीक्षा कुणी केली असेल तर किती आठवडे लागले ते लिहा.